दाणा कळणारा माणूस

साखर कारखान्यात केमिस्ट होतो असं सांगितलं की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. एक, "तुम्हाला शुगर आहे का?" आणि दोन, "साखर पांढरी करायला हाडांची पावडर वापरतात, हे खरं का?" दुसरा प्रश्न आमच्या जैन समाजातल्या लग्नांत हमखास येतो, आणि वाढपी जिलबीचं ताट घेऊन समोर उभा असतानाच येतो. पहिल्याचं उत्तर हो आहे. दुसऱ्याचं नाही, आमच्याकडे चुना आणि गंधक वापरायचे. साखरेला दाणा कसा येतो, तो कोण आणतं, हे मात्र उभ्या नोकरीत मला एकाही माणसाने विचारलं नाही. म्हणून न विचारता सांगतो.

आमचं घर जुन्नरच्या पेठेतलं, किराण्याचं. पणजोबा मारवाडातून आले, आता मारवाडी बोलायची वेळ आली तर मी आणि माझा भाऊ एकमेकांची तोंडं बघतो. मी बी.एस्सी. झालो, पुण्यात साखरेचा अभ्यासक्रम केला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इकडच्याच एका कारखान्यात चिकटलो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. पेठेतला पोरगा म्हणून पहिल्या दिवसापासून मला सगळे 'शेठ' म्हणायला लागले. पगार केमिस्टचा, उपाधी शेठची. मी निवृत्त झालो तरी ती उपाधी निवृत्त झालेली नाही.

आता थोडं कामाचं. उसाचा रस चुन्या-गंधकाने निवळून, आटवून त्याचा पाक करतात. इथपर्यंत बरंचसं यंत्रांवर भागतं. पुढे हा पाक वरच्या मजल्यावर 'पॅन'मध्ये येतो. पॅन म्हणजे कढई नव्हे. माणूस आत उभा राहिला तर वर आणखी दोन माणसं मावतील असं बंद लोखंडी भांडं. आतली हवा पंपाने ओढून घेतलेली असते, म्हणून पाक साठ-पासष्ट अंशांवरच उकळतो, करपत नाही. आटत आटत तो अशा घडीला येतो की साखरेला विरघळून राहायला जागा उरत नाही, पण ती अजून बाहेरही पडलेली नसते. नेमक्या त्या घडीला अगदी बारीक वाटलेल्या साखरेचं तांब्याभर 'बी' आत सोडायचं. मग प्रत्येक कणावर साखर चढत जाते आणि तीनेक तासांत पॅनभर दाणा तयार होतो. बी लवकर पडलं तर विरघळून जातं. उशिरा पडलं तर पाक आपल्या मनाने बारीक बारीक दाणे पाडून मोकळा होतो. त्याला आम्ही 'पीठ' म्हणायचो. पीठ पडलेली साखर मळी गाळायच्या जाळीत अडकते, धड धुतली जात नाही, पिवळट राहते. ती घडी ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन.

आमच्या पहिल्या नंबरच्या पॅनवर तात्या होते. गाव मढ, माळशेजच्या वाटेवरचं. तिकडे भात पिकतो, ऊस नाही. तात्या तरुणपणी घाट सोडून इकडे बागायतीत आले, गुऱ्हाळावर गुळव्याच्या हाताखाली राहिले, तिथून कारखान्यात झाडूवाला म्हणून लागले आणि झाडता झाडता पॅनपर्यंत पोचले. शिक्षण चौथी. अंगाने काटकुळे, बोलणं मोजकं आणि ते बोलणं बहुतेक वेळा पॅनशी.

माझ्या पहिल्याच हंगामात मी प्रयोगशाळेतून पाक किती घट्ट झाला ते तपासून वर गेलो आणि ऐटीत म्हणालो, "तात्या, आकडा आला. बी द्या."

तात्यांनी पॅनच्या पोटातला पितळी दांडा ओढला, त्याच्या खाचेतला पाक काचेवर फासला, काच दिव्यासमोर धरली. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये पाकाचा थेंब घेऊन बोटं हळू उघडली, मिटली, उघडली. घरी बाया चिक्कीचा पाक बघतात तसंच.

"बसा शेठ," ते म्हणाले. "च्या घ्या."

"अहो पण आकडा..."

"आकडा आलाय, दाना न्हाई आला. च्या घ्या."

मी चहा घेतला, थोडा रागानेच. कप खाली ठेवला तेव्हा तात्यांनी बी सोडलं. तीन तासांनी मी तो दाणा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सगळे दाणे एका मापाचे, एका अंगाचे, कडा धारदार. मला वाटलं, लागला असेल नेम. मग पंधरा दिवस मी गुपचूप माझा आकडा आणि तात्यांची वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवली. तात्या कधी माझ्या आधी जायचे, कधी नंतर. दाणा रोज त्यांचाच बरोबर निघायचा. सोळाव्या दिवशी मी लिहिणं बंद केलं. देवळात कोण मोजमाप घेऊन जातं?

एकदा तर त्यांनी कमालच केली. काच दिव्यासमोर धरून म्हणाले, "आज बोरीकडचा ऊस लई हाय वाटतं. पानथळ रानातला." मी हसून खाली शेतकी विभागात गेलो. त्या दिवशीचा तोडणीचा तक्ता बघितला. निम्म्याहून जास्त गाड्या बोरी बुद्रुकच्या, नदीकाठच्या काळ्या रानातल्या. जिना चढून परत वर आलो तेव्हा मला तात्यांची भीती वाटली. चांगली भीती, मोठ्या वडाखाली उभं राहिल्यावर वाटते तशी.

दोन हजार सालानंतर कारखान्यांना आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचं वेड लागलं. पुण्याहून सल्लागार आले. 'करता ते लिहा, लिहिलं तसं करा' अशी पाटी कँटीनमध्ये भज्यांच्या कढईवर लागली. प्रत्येक विभागाने आपल्या माणसांचा एक तक्ता इंग्रजीत भरायचा होता. नाव, शिक्षण, प्रशिक्षण, अनुभव आणि शेवटचा रकाना, स्किल. आमच्या विभागाचा तक्ता माझ्याकडे आला.

हा शब्द आम्हाला नवा नव्हता. कामगारांच्या पायऱ्याच तशा होत्या: अनस्किल्ड, सेमीस्किल्ड, स्किल्ड. कुणी म्हणालं, "माझं स्किल झालं," तर त्याला बढती मिळाली असं समजून आम्ही पेढे मागायचो. पण रकान्यात पायरी लिहायची नव्हती, त्या माणसाला काय येतं ते लिहायचं होतं. मी शब्दकोश उघडला. कौशल्य, कसब, नैपुण्य, हातोटी. नैपुण्य म्हटलं की शाळेतलं बक्षीस आठवतं. हातोटी म्हटलं की सगळं हातात आहे असं वाटतं, आणि तात्यांचे कान, डोळे, नाक त्यात येत नाहीत. कसब जवळचा, पण कसबी माणूस दुसऱ्याला चकित करायला बघतो; तात्यांना तर कुणी बघितलेलंही आवडायचं नाही. आमच्या पॅनच्या मजल्यावर यातला एकही शब्द कुणी वापरत नसे. तिथे चांगल्या पॅनमनबद्दल एवढंच म्हणत, 'त्याला दाणा कळतो.' हे इंग्रजीत कसं लिहू?

सल्लागार म्हणाले, "सर, असं नाही चालणार. यांच्याकडे पॅन चालवण्याच्या कोर्सचं प्रमाणपत्र नाही. मग लेखी कार्यपद्धती तयार करा. प्रमाणपत्र देणारे तपासनीस त्यांच्याकडून ती करून घेतील. जमली तर पॅनमन, नाही जमली तर तक्त्यात हेल्पर."

हेल्पर म्हणजे पॅन दुसऱ्याच्या हातात आणि तात्या झडपा पुसायला. निवृत्तीला त्यांचे तीन हंगाम उरले होते. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पॅनच्या झरोक्याची काच फडक्याने पुसली.

"मग शेठ, आता?"

"आता तुम्ही सांगायचं, मी लिहायचं."

आठ दिवस मी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"तात्या, बी कधी देता?"

"येळ झाली की."

"वेळ झाली हे कसं कळतं?"

"पाक सांगतो की."

"काय सांगतो?"

तात्यांना माझी कीव आली असावी. "शेठ, ज्येवताना पोट भरलं ह्ये तुमाला कोन सांगतं? किती घास झाले ह्ये मोजता का तुमी?"

शेवटी मी माझ्या पद्धतीने केलं. ते जे करत त्याच्या शेजारी तापमान, दाब, मिनिटं, पाकाच्या तारेची लांबी असे आकडे मांडले आणि त्यांची सरासरी काढली. अकरा पानं झाली. प्रत्येक पानाखाली माझी सही. मी वाचून दाखवायचो, तात्या पाठ करायचे. त्यांना ते पटत नव्हतं, हे दिसत होतं. मला मात्र वाटत होतं की आपण मोठं काम केलं, पिढ्यान्पिढ्यांची विद्या कागदावर उतरवली. हौसेला मोल नसतं.

तपासणी दोन दिवसांची होती. नेमकं आदल्या आठवड्यात गाळपाच्या रोलरचं काम निघालं, गाड्या अड्ड्यावर तिष्ठत उभ्या राहिल्या आणि ऊस शिळा झाला. शिळ्या उसाचा पाक बुळबुळीत होतो. बोटांना घट्ट लागतो, पण तो घट्टपणा साखरेचा नसतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. माझ्या अकरा पानांत ते कुठेच नव्हतं.

तपासनीस पुण्याचे एक साठीचे गृहस्थ होते. सदरा-पँट, खिशाला दोन पेनं, स्वभावाने सरळ. माझी पानं हातात घेऊन ते पॅनसमोर उभे राहिले. तात्यांनी पाक आटवायला घेतला. प्रत्येक पायरीला तपासनीस खूण करत होते. तापमापी माझ्या आकड्यावर आली.

"आता बी," तपासनीस म्हणाले. "बरोबर?"

तात्यांनी दांडा ओढला. काच धरली. बोटं उघडली, मिटली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मला स्वच्छ कळली. अजून नाही, असं ती सांगत होती. मला फक्त "थांबा" म्हणायचं होतं. पण थांबा म्हटलं तर माझी अकरा पानं खोटी ठरतात, कार्यपद्धती मोडली अशी नोंद होते, प्रमाणपत्र लांबतं, आणि तात्याही तक्त्यात हेल्पर होतात. असं मी स्वतःला पटवलं. खरं सांगायचं तर पहिलं कारण सगळ्यात जड होतं. मी मान खाली घातली.

तात्यांनी बी सोडलं.

तपासनिसांनी शेवटची खूण केली, तात्यांशी हात मिळवला आणि ते बॉयलरकडे निघून गेले. स्किलच्या रकान्यात तात्या पास झाले होते. पाऊण तासाने तात्यांनी काच माझ्या हातात दिली. मी ती दिव्यासमोर धरली. निम्मं बी विरघळून गेलं होतं. उरलेल्या चार-दोन मोठ्या दाण्यांना सगळी साखर पेलली नव्हती, त्यांच्यामध्ये धुरळ्यासारखं पीठ पसरलं होतं.

"पडलं," तात्या म्हणाले.

त्यानंतर तात्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी पंपाची आतली ओढ थोडी कमी केली, पाक जरा तापू दिला आणि गरम पाण्याची झडप केसभर उघडली. पीठ विरघळलं पाहिजे आणि त्याच्याच शेजारचा खरा दाणा राहिला पाहिजे. पाणी एक घोट जास्त झालं तर सगळंच गेलं. त्यांचा एक हात झडपेवर आणि दुसरा पॅनच्या गरम पोटावर. डोळे मिटलेले. आतल्या उकळीचा आवाज ऐकत होते. मला एकच आवाज ऐकू येत होता, त्यांना त्यात पन्नास तरी ऐकू येत असावेत. झडप किंचित उघडायचे, थांबायचे, मिटायचे. दोन तास हा माणूस जागचा हलला नाही. मी चार वेळा काच पाहिली. दर वेळी धुरळा विरत गेला आणि शेवटी काच नितळ झाली, फक्त खरे दाणे उरले. मी पदवीधर माणूस. खोटं नाही सांगत, मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण आजूबाजूला माणसं होती. याचीही आता खंत वाटते.

पॅन सावरला तसे तात्या स्टुलावर बसले.

"शेठ, रजिस्टरात लिवा."

"काय लिहू?"

"पीठ पडलं म्हनून लिवा. म्या पाडलं."

"तात्या, सावरलंय ना सगळं? तुम्ही पास झालात. उद्या तो माणूस रजिस्टर बघणार आहे."

"आजवर माझ्या हातनं पीठ पडलं त्ये दर येळेला लिवलंय. बिघडला पॅन लपवायचा आन् चांगला तेवढा आपला म्हनायचा? आज म्या दाना मारला आन् आजच मला पास केलं. न्हाई शेठ. आसलं पास नगं मला."

आमचे प्रॉडक्शन मॅनेजर तेवढ्यात वर आले. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "उद्या संध्याकाळपर्यंत त्या रजिस्टरला कुणी हात लावू नका," असं बजावून ते गेले. मी रजिस्टर मांडीवर घेऊन बसलो. तात्या बघत होते. मी लिहिलं: 'पीठ पडले. कारण, चुकीची लेखी सूचना. सूचना देणारा,' आणि खाली माझं नाव, माझी सही. तात्यांना वाचून दाखवलं. त्यांना ते अर्धंच पटलं. "हात माझा व्हता," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी ते पान वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"तात्या, काल बी देताना तुम्हाला कळलं होतं की वेळ झाली नाही?"

"कळलं व्हतं."

"मग दिलं का?"

"कागदावर शेठची सही व्हती."

माझे कान तापले. तपासनिसांनी स्वतःची कालची खूण खोडली, माझी अकरा पानं बाजूला ठेवली आणि म्हणाले, "चला. आज कागदाशिवाय करा. मी बघतो."

त्या दिवशी ते तीन तास पॅनसमोर उभे होते. चहा आला, साय धरून गार झाला. माझ्या आकड्याला तापमापी आली आणि गेली, तात्या हलले नाहीत. बराच वेळ गेला. मग एका क्षणी, कशाने कोण जाणे, त्यांनी बी सोडलं. शेवटी काचेवर दाणा आला तेव्हा त्या सरळमार्गी माणसाने काच दिव्यासमोर धरली आणि खाली ठेवेचना. "सगळे सारखे," एवढंच हळूच म्हणाला.

त्यांनी स्किलच्या रकान्यात पुन्हा खूण केली. माझी अकरा पानं रद्द झाली आणि त्या जागी एक ओळ आली: बी देण्याची वेळ पॅनमन ठरवील. प्रमाणपत्र मिळालं. सोबत एक अट आली. निवृत्तीपूर्वी तात्यांनी दुसरा माणूस तयार करायचा. तक्त्यात शिकवणारा म्हणून तात्या आणि शिकणारा म्हणून तपासनिसांनी माझंच नाव घातलं. माझ्या नावापुढच्या रकान्यात खूण करायचा अधिकार तात्यांचा.

तीन हंगाम मी शिकलो. दिवसपाळीला रोज दोन तास वर जायचो. बोटं पोळली, तारा ओढल्या, काचा पुसल्या. हळूहळू बुळबुळीत आणि घट्ट यातला फरक बोटांना लागायला लागला. उकळीतही दोन-तीन आवाज वेगळे ऐकू यायला लागले. तो आनंद मला पदवीने दिला नव्हता. हंगाम संपला की तक्ता आणि पेन घेऊन तात्यांसमोर उभा राहायचो. "अजून न्हाई, शेठ," ते म्हणायचे. मला राग यायचा नाही. चहा मात्र मीच पाजायचो.

त्यांच्या शेवटच्या हंगामाचा शेवटचा पॅन आला. खाली सत्काराची खुर्ची, नारळ, शाल सगळं मांडून ठेवलं होतं. तात्यांनी दांडा ओढला, काच माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आज तुमी सांगा."

मी काच धरली. बोटांत थेंब घेतला. उघडली, मिटली. बऱ्याच वेळाने म्हणालो, "आता."

तात्यांनी लगेच बी सोडलं. तीन तासांनी दाणा उतरला, एका मापाचा, धारदार कडांचा, त्यांच्या हातचा वाटावा असा. मी तक्ता पुढे केला. तात्यांनी पेन घेतलं, रकान्यावर टेकवलं, माझ्याकडे बघितलं आणि टोपण लावून ते माझ्या खिशात परत ठेवलं.

"दाना झकास आलाय, शेठ," ते म्हणाले. "पर 'आता' म्हनायच्या आधी तुमी माझ्या तोंडाकडं बघितलं."